बांडा विंचू

माह्या सासूनं माह्या चोळीची गाठ सोडली तेव्हा बाहेर अंगणात पंच बसले होते आन माहा नवरा त्याइच्यातच बसला होता. घरात मी, सासू आन दोन बुढ्या. दुपार होती, दार लावून घेतलेलं, फटीतून उन्हाची पट्टी येऊन राह्यली होती. सासू म्हणे, हात खाली कर. मी केले नाई, तर एका बुढीनं माही मनगटं धरली आन खाली केली, आन दुसरी म्हणे, इकडं उजेडात आणा तिले, मले कमी दिसते. मंग त्याइनं पाह्यलं. गळ्याखालून पोटापर्यंत पाह्यलं, कुठी गोंदल्याचं टिंब आहे का, एखादी ओळ आहे का. नवतं काई. असन कुठून? ते टिंब बिडीच्या क्यालेंडरवरच्या बाईले होते, मले नवते.

भाऊ, तुमी लिहून घेऊन राह्यले तर बराबर लिहा. गावात अजूनही सांगतात, गिरजाले पंचाइनं नागवी केली. पंचाइनं नाई केली, पंच बाहेर पान खाऊन राह्यले होते, त्याइचं बोटही मले लागलं नाई. बायाइनं केली, आन त्याच्या आधी एका चित्रकारानं केली, तथी मुंबईत बसून, मले न विचारता. आन माहा नवरा गोविंदा, त्यानं काईच नाई केलं. त्याचं सांगतोच.

माहं माहेर वैनगंगेच्या पल्याडचं. आमची जात मासे मारणारी, बाप तलावात जाळं टाके, माय डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरे, मासोळी देऊन धान आणे. शाळेत मी तिसरीपर्यंत गेली, मंग बापानं काढली. त्याच्याही आधी, मी लहान असताना, गोंदणारी बाई घरी आली होती. गोंदल्याशिवाय पोरीले कोणी करून घेत नवतं, आन मेल्यावर तेवढंच संगं येते म्हणत, बाकी सारं इथीच राह्यते. मायनं मले मांडीत दाबून बसवली. उजव्या हातावर विंचू काढाले घेतला तिनं, पुढचे चिमटे झाले, पोट झालं, पाय झाले, आन शेपटी काढाच्या आधी मी सुटली आन जे पळाली ते दिवस बुडेपर्यंत धानाच्या बांधीत लपून राह्यली. गोंदणारी म्हणे, अर्धं सोडलेलं मी पुरं करत नाई. गेली. तेव्हापासून माह्या हातावर बिनशेपटीचा विंचू. शेपटी नसलेल्याले आमी बांडं म्हणतो, म्हणून मले साऱ्या गावाइत बांडी म्हणत, गिरजा कोणी म्हणे नाई. मासे विकाले गेली का बाया म्हणत, बांडे, तुह्या विंचवाले म्हण चाव मले, नांगीच नाई बिचाऱ्याले. हासत. मीही हासे.

लग्न होऊन इकडं आली तेव्हा मी चोळी घालत होती, शाळेपासूनची सवय. इकडं आमच्या जातीत बुढ्या चोळी घालत नवत्या, नुसतं लुगडं आन पदर घट्ट खोचलेला. उघड्या होत्या असं समजू नका, पदर म्हणजे पदर असते. पण माही चोळी सासूले टोचे. म्हणे, मासोळ्या साफ कराले मास्तरीण आणली आमी. तलावावर बाया इचारत, काऊन मास्तरीणबाई, भिजली का चोळी? मी काढली नाई. त्याच बुढ्या पुढं माह्या अंगावरची चोळी काढून पाहाले बसल्या, माही लाज शाबूत आहे का म्हणून. आता काय सांगू तुमाले.

चित्रकार आला तो मालगुजारी म्हणजे जमीनदारी गेल्यानंतरच्या एका हिवाळ्यात. आलापल्लीच्या जंगलात राहून, सागवानाच्या ट्रकवर बसून इकडं उतरला, शाळेत मास्तरकडे मुक्काम केला. लंबा, पायजमावाला, खांद्यावर लाकडाची पेटी. मास्तर म्हणे, हे मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत शिकले, मोठमोठ्या लोकाइच्या भिंतीवर ह्याइची चित्रं आहेत. लोकाइनं त्याले इचारलं, काय काढता साहेब, देव काढता का? नाही म्हणे. राजे? नाही म्हणे. म्हणे, देव आणि राजे काढून काढून आमच्या लोकांनी चित्र मारून टाकलं, जे उरलं ते विलायतेची नक्कल करून मारलं, मला मुळाकडे जायचं आहे, माणूस अगदी आधी कसा होता ते मला काढायचं आहे. डोमाजी, आमच्या जातीचा मुखिया, तथीच बसला होता, तो म्हणे, आधीचा तर मेला साहेब, आता आमी आहो. सारे हासले, चित्रकारही हासला. वाईट माणूस नवता तो. लेकराइले कागदावर बैल काढून दे. बोले कमी, पाहे जास्त, आन पाहाले लागला का पापणी हालवे नाई.

मी तलावाच्या पाळीवर जाळं शिवत होती, तथी त्याले माहा हात दिसला. विंचवाचं इचारलं. मी पळाली ते सांगतलं. तर असा खूष झाला का जसं काई सापडलं. म्हणे, अर्धा आहे म्हणून जिवंत आहे हा, पुरा झाला असता तर नुसती नक्षी झाली असती. मले ते काई समजलं नाई. मंग तो गोविंदाले म्हणे, तुमच्या घरातल्यांना जरा बसू द्या, मला चित्र काढायचं आहे. गोविंदा म्हणे, बस ना, साहेब माणूस आहे. मी बसली. त्या हिवाळ्यात दुपारी दुपारी बसली. माह्या अंगात हिरवी चोळी होती आन त्यावर पदर होता. गोविंदा समोर उभा होता, जाळ्याचं दुसरं टोक ताणून धरून, कारण चित्रकाराले जाळं ताणलेलं पाहिजे होतं. हे ध्यानात ठेवा, गोविंदा पूर्ण वेळ तथी होता.

कोळशानं काढलं त्यानं कागदावर, रंग मुंबईले जाऊन भरीन म्हणे. एका कागदावर नुसता हात होता, सुतळी धरलेला. तो मले दाखवला. खोटं काऊन बोलू, हुबेहूब होता. बोटावर सुतळीनं घट्टा पडला होता, तोही होता. माहा हात असा दिसते हे मले तेव्हा समजलं.

पुढच्या साली क्यालेंडर आले. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारानं वाटले, बिडीवाल्याचे. ब्रह्मपुरीच्या किराणा दुकानात, चहाच्या हॉटेलात, न्हाव्याकडे, जिथी पाहा तिथी. झाडाखाली एक बाई, कमरेले पानं गुंडाळल्यासारखं काईतरी, वरती काई नाई, छातीवर गोंदलेल्या टिंबाइच्या ओळी, हातात जाळं. तोंड माहं नवतं, कोणाचंही असन. पण उजव्या हातावर बांडा विंचू होता. सुतळीचा घट्टाही होता. मी बाजारात पाटी घेऊन बसली तर एक गिऱ्हाईक म्हणे, काऊन बांडे, आज चोळी घालून आली? मी तोपर्यंत पाह्यलं नवतं. बाजूच्या बाईनं बोट केलं, हॉटेलच्या भिंतीकडे.

मंग पंच बसले. आमच्यात पंच बसले म्हणजे काय ते सांगतो. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं का सारी जात मिळून महाजाळ ओढे, अर्धे या काठाले, अर्धे त्या काठाले. एकट्या घराले ते जाळं काई कामाचं नाई. ज्याले जातीबाहेर काढलं त्याले कोणी मारत नाई, फकत तो दोर धराले गेला का बाजूचा आपला दोर सोडून देते. तलाव सुटला का आमाले दुसरं काई नवतं, वावर नाई, बैल नाई.

डोमाजीनं क्यालेंडर अंगणात मांडलं, वारा उडवून राह्यला होता म्हणून त्यावर चप्पल ठेवली. म्हणे, गिरजे, तू बिडी पेते का? नाई म्हटलं. मंग बिडीवाल्यानं तुले काऊन टांगली? लोक हासले. मी म्हटलं, हात माहा आहे, अंग माहं नाई, माह्या अंगात चोळी होती, इचारा याले, हा जाळं धरून समोर उभा होता. साऱ्याइनं गोविंदाकडे पाह्यलं. डोमाजी म्हणे, बोल गोविंदा, होता का तू तथी? गोविंदा काडीनं जमीन उकरून राह्यला होता. म्हणे, मले ध्यान नाई.

होतो म्हटलं असतं तर पुढचा सवाल त्यालेच होता, परक्या माणसासमोर बाई कोणी बसवली. तो त्यानं चुकवला. मंग एक पंच म्हणे, भांडता काऊन, चित्रातल्या बाईच्या छातीवर गोंदलेलं आहे, हिच्या असन तर हे खरं, नसन तर खोटं, बायाइले पाहू द्या. साऱ्याइले पटलं. सासूनं माहा हात धरला. पुढचं मी पहिलेच सांगतलं.

पाहून झाल्यावर सासू दारातून म्हणे, काई नाई, कोरी आहे. आत मी गाठ बांधून राह्यली होती, गाठ बसे नाई. एका बुढीनंच बांधून दिली शेवटी. बाहेर आली, मले वाटलं आता सुटली. तर डोमाजी म्हणे, बाईचा दोष नाई, पण हात तर तिचाच आहे. जोवर हिच्या हातावर बांडा विंचू आहे तोवर चार गावाइचे लोक म्हणतीन, टांगलेली बाई यांचीच. तर विंचवाले शेपटी काढून घ्या. मंग हिचा हात वेगळा, चित्रातला वेगळा. महाजाळाच्या आधी काढून घ्या, नाईतर गोविंदानं दोर धरू नये. मोठी अक्कल लावली असं साऱ्याइले वाटलं. गोविंदालेही.

मी आता लहान नवती, पळून जाऊ कुठी. बाजारातून गोंदणारी आणली, अंगणात बसली, जातीच्या बाया पाहाले उभ्या. ती म्हणे, किती लंबी काढू? डोमाजीची बायको म्हणे, चांगली दिसन अशी काढ. हात सुजला, ताप आला. जुनं गोंदण हिरवं पडलं होतं आन शेपटी काळीभोर, आंधळ्यालेही दिसन का मागून लावली. बाजारात त्याच गिऱ्हाइकानं पाह्यलं आन म्हणे, आता शेपटी फुटली का बांडीले? पण उन्हाळ्यात गोविंदानं दोर धरला आन बाजूच्यानं सोडला नाई. तेवढं झालं.

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर चित्रकार आला, मास्तरसंगं, घरीच आला. हातात क्यालेंडर, मले द्याले आणलेलं. मी घेतलं नाई. त्याचं ध्यान माह्या हाताकडे गेलं, तसा त्याचा चेहराच उतरला. म्हणे, हे काय केलंत, बाई, सगळं त्या अपुरेपणात होतं, बिघडवलंत तुम्ही. मी म्हटलं, साहेब, माही चोळी कुठी गेली? तो म्हणे, चोळी हिरवी, मागे जंगल हिरवं, आकारच उठत नव्हता. मंग म्हणे, आणि ते तुमचं चित्र नाहीच, ती आदिम स्त्री आहे, सगळ्यांच्या आधीची. मी म्हटलं, मंग तिले तिचा हात द्याचा होता.

त्यानं क्यालेंडर गुंडाळलं. मंग म्हणे, आत भामरागडच्या जंगलात मी बाया तशा, चोळीशिवाय, पाहिल्या आहेत, त्यात वाईट असं काही नाही. मी म्हटलं, मी कुठी वाईट म्हणून राह्यली, त्याइची रीत त्याइची, माही माही, त्याइचंच चित्र काढाचं होतं त्याइले इचारून. तर तो म्हणे, त्या बसल्या नाहीत.

त्या बसल्या नाई, ऐकलं का भाऊ? मी बसली, कारण नवरा म्हणे बस.

मंग मास्तरनं त्याले सारं सांगतलं, पंच, बुढ्या, शेपटी. हे त्याले माहीत नवतं, ते मी मानतो. तेवढ्यात गोविंदा तलावावरून आला, खांद्यावर जाळं. चित्रकार उभा राह्यला आन म्हणे, तुम्ही होतात ना तिथं, तुम्ही सांगितलं नाही यांना? गोविंदानं जाळं खाली ठेवलं. म्हणे, साहेब, चाय घ्या. मलेच म्हणे, चाय मांड. मी मांडली. दोघं ओट्यावर बसून पेले, पाणी कवा येन त्यावर बोलले, आन चित्रकार गेला. पुन्हा आला नाई. मोठा झाला म्हणे तो, मास्तर सांगे, विलायतेलेही त्याचं चित्र गेलं. कोणतं ते मी इचारलं नाई.

आमी दोघं त्याच घरात राह्यलो. लेकरं झाली, मोठी झाली, एक गडचांदूरले सिमेंटच्या कामावर गेला. गोविंदानं मले कधी हात लावून मारलं नाई, दारू पेला नाई, चांगला नवरा म्हणत लोक त्याले. ते ‘ध्यान नाई’ त्यानं काऊन म्हटलं ते मी त्याले इचारलं नाई, कारण मले माहीत होतं, आन त्यालेही माहीत होतं का मले माहीत आहे. शेवटी खाटेवर पडला तेव्हा मले वाटलं आता बोलन. पाणी मांगलं त्यानं. दिलं. पेऊन भिंतीकडे तोंड केलं.

आता नाती पंजाबी ड्रेस घालतात, कालेजात जातात, मी काई म्हणत नाई. ज्याले जे घालाचं ते घालू द्या आन ज्याले बसाचं नाई त्याले बसवू नका, एवढंच माहं म्हणणं आहे, ते लिहाचं असन तर लिहा. सासू गेली, त्या दोन बुढ्या गेल्या, डोमाजी गेला, पंच सारे गेले, मास्तर गेला, गोविंदा गेला. मी आहो.