सगुणाबाईचं लाल फडकं

मंडळी, आधी हिशोब करू! गप्प बसली असती, तर सगुणाबाईला काय मिळणार होतं? द्राक्षबागेतल्या बायांचं मुकादमपण आणि राहायला पक्की खोली! बागमालक दौलतअण्णा स्वतः सांगून गेले होते. आणि बोलून? शिव्या! मग सांगा, बाई शहाणी की खुळी?

मागणी तरी केवढी! वेलींवर औषध मारलं, की पानं वाळेपर्यंत बायांना आत धाडू नका. ओल्या बागेत घड विरळायला — दाटीतले मणी कात्रीनं काढायला — शिरायचं — डोळे चुरचुरतात, छाती भरते. आणि बाई पोटुशी असली तर...

"अण्णा, फवारणी झाली की बांधावर लाल फडकं लावा. ते आहे तोवर आम्ही बाहेर."

"आणि घड काय तुझा बाप विरळणार?"

"तो गेला वर. तुम्ही या, शिकवते!"

हसताय! अण्णा नाही हसले. बायांनी कात्र्या खाली ठेवल्या. घड थांबतो होय कुणासाठी? मण्याला मणी चेपायला लागला — तसं मुकाट फडकं लागलं!

सगुणाबाई म्हातारी होऊन गेली. अण्णांनी बांधावर चबुतरा बांधला, फवारणीचं फडकं आता त्यावर लागू लागलं. केवढं मोठं मन! — सगळा गाव म्हणाला.

गेल्या पंधरवड्यात त्या वाटेनं येत होतो. औषधाचा उग्र वास, पानांवरून थेंब गळतायत, फडकं फडफडतंय... आणि बाया रांगेनं आत! पुढे कोण? सगुणाबाईची नातसून हौसा — पोटुशी! फडक्याला हळद-कुंकू लावलं, हात जोडले.

"अगं हौसा, फडकं दिसत नाही का?"

"दिसतं ना, महाराज! पाया पडूनच जातो. सगुणाई राखते."

अरे देवा! 'माघारी फिर' म्हणेपर्यंत पोर वेलींआड गेली!

धावत अण्णांकडे गेलो. ते शांतपणे पान जमवत होते. "लोकांच्या श्रद्धेच्या आड मी कसा येऊ, महाराज?"

ऐकलंत? जिनं बायांना बाहेर काढलं, तिलाच दारात देवी करून बसवली — आणि बाया पुन्हा आत!

मंडळी, त्या चबुतऱ्यावर नारळ कुणी कुणी फोडला? माना खाली का? उद्या फडकं दिसलं, तर हात जोडू नका — पाय मागे घ्या! बाईनं एवढंच मागितलं होतं.

आता कुणी काय दिलं ते बघा. अण्णांनी चबुतरा दिला. तुम्ही नारळ दिलेत. हौसा दवाखान्यातून परवा घरी आली — ओटी रिकामी घेऊन.