पाचच मिनिटं रे!

...आणि वर हा आमच्या गल्लीतला वकील मलाच विचारतो, "गाडी उचललीस? कुणाला विचारून?" अहो, गल्लीच्या तोंडावर ती लावताना तुम्ही कुणाला विचारलं होतं? काचेतून मान बाहेर, "पाचच मिनिटं रे!" की झालं! तुम्हाला सांगतो, याची पाच मिनिटं सकाळी नऊला सुरू व्हायची ती संध्याकाळी सहाला संपायची!

त्याच पाच मिनिटांत माझा दादा गेला. छातीत कळ आली, अँब्युलन्स कोपऱ्यावर अडली, भोंगा केकाटतोय, आत शिरायला वाव नाही... स्ट्रेचर पळवत आणलं, तोवर सगळं आटपलं होतं. मी? कॅरम खेळत होतो.

मग काय... सूड! शिक्षण सातवी, पण सुडाला कुठं सर्टिफिकेट लागतं? नगरपालिकेनं पार्किंगचे नियम आणले, गाड्या उचलणाऱ्या ट्रकवर माणूस हवा होता, रांगेत मी पहिला! वकिलाची गाडी सोमवारी उचलली, मंगळवारी उचलली, बुधवारी तर तो आत बसलेला असताना हुक लावला!

"अरे, पाचच मिनिटं..."

"काका, मलापण पाचच लागतात!"

दोन वर्षांत गल्ली मोकळी! गाड्या गेल्या तशी जागा सुटली, बारा गाड्या पेंगत पडायच्या त्या आवारात आता खाली दवाखाना, वर घरं. शिंपी, शाळा, दूध, सगळं पायी. वहिनी म्हणते, "भावजी, हे आधी झालं असतं तर..." कोपऱ्यावर मी एकच गाडी सोडलेली, दादाची लाल स्कूटर. आठवण हो! तिला कोण हात लावतो बघू!

परवा वकील आमच्या यार्डात आला, उचललेल्या गाड्या ठेवतो तिथं. म्हटलं, भांडेल. तर हळूच म्हणाला, "माझी गाडी होतीच रे तिथं. पण तिच्या न् भिंतीच्या मधून अँब्युलन्स निघाली असती. मध्ये ती लाल स्कूटर... खांबाला साखळीनं बांधलेली. आम्ही चौघांनी ओढली, हलेना."

साखळी मीच बांधली होती. चोरीला जाईल म्हणून! चावी माझ्या खिशात. त्या दिवशी कॅरमला पळताना मीच ओरडलो होतो, "दादा, पाचच मिनिटं लावतो, आलोच!"

काल ट्रक नेला, साखळी कापली, उचलली. पावतीवर नाव माझं. आता यार्डात ती वकिलाच्या गाडीला खेटून उभीय, आणि कारकून रोज बोंबलतो, "सोडवायची तर सोडव, नाहीतर ऊठ तिच्यावरून!"

बसू द्या हो साहेब... पाचच मिनिटं!