भेकरामागचं सांबर

“सांगतो, पण तुमचा इस्वास बसायचा नाय!”

शिकारबंदी आली, हातही थरथरू लागले, म्हणून हरसूलचा म्हातारा पुंजाराम बायकोला घेऊन नाशिकच्या कचेरीत आपली ठासणीची बंदूक जमा करायला आला होता. बंदुकीला असा मुकाट्यानं निरोप कसा द्यायचा? त्यानं रांगेत पुढं उभ्या असलेल्या कोंडाजीला गाठलं.

“शिशाची गोळी भेकराच्या आरपार जाते. सांबराच्या खांद्यात मात्र तीच चपटी होऊन बसते.”

“खरंय, त्याचं हाडच लय दांडगं.”

“म्हून मी भेकराच्या मागं सांबर येस्तवर थांबलो. एकच बार, दोन्ही आडवी!”

“काय सांगता, बाबा!”

“त्या सांबरातून काढलेली ही बघा गोळी. बंदूक देईन, पण ही नाय देणार.”

“बाबा, ही तर गोल गरगरीत! चपटी व्हायला पाहिजे होती ना?”

पुंजाराम खोकला. “तवाचं शिसंच लय टणक...”

“शिशाला कशाला मधी घेता!” मागून त्याची बायको सुलाबाई म्हणाली. “मी होते की शेजारी. सांबर पाणी पीत होतं, अन् हे बंदूक मांडीवर ठेवून नुसते बघत बसले!”