मुकादमाला फोन द्या

हॅलो?… कोण?… अगं, फोन तोंडाजवळ धर, कपाळाला काय लावतेस!… हो, हो, तबेलाच. शेवंतीआक्काच बोलतेय, दुसरं कोण उचलणार?… बकुळा? तू? अगं, मुलाचं लग्न आणि नवरदेवाची आई फोनवर?

काय?… घोडा अडला? माझा मुकादम?… कुठे?… लालबागेत, पुलाच्या चढाला… इराण्याच्या हॉटेलाच्या दारात. बरं. रडू नकोस… रडू नकोस म्हणते ना! गोरज मुहूर्त आहे, ऊन अजून माझ्या खिडकीत आहे.

थांब हं. भाऊजी, तो चाबूक खाली ठेवा आधी!

हां, बोल. काही नाही गं, आमचे कमलाकांतभाऊजी. खुंटीवरचा चाबूक काढून दारात उभे आहेत. टॅक्सी करून लालबागेत पोचवतो म्हणतात. दसऱ्यापासून याच दिवसाची वाट बघतायत. भाड्याची एक जरी वर्दी फसली तर चाबूक पुन्हा गाडीवर, असं मी चारचौघांत कबूल करून बसलेय ना…

का म्हणजे? तुला ठाऊक नाही? दसऱ्याला मुकादमाला हळद लावत होते. पाठीवरून हात फिरवला, तर वळ. एकावर एक, बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे मी वर्षातून एकदा त्याच्या पाया पडायचं आणि भाऊजींनी रोज त्याला फोडून काढायचं? त्याच संध्याकाळी चाबूक खुंटीला लावला. पाटी रंगवून घेतली. ‘आमच्या गाडीवर चाबूक नाही. बसणार फक्त चौघे.’ मला कुठे धड वाचता येतं, पण रंगाऱ्याकडून पुन्हापुन्हा वाचून घेतली. नाक्यावरचे गाडीवाले हसले, मेले. आता त्यांच्याच बायका माहेरी जाताना आमची गाडी मागतात…

हो, हो, मुहूर्त. ऐकतेय. तुझा मुहूर्त तसा माझा शब्द, बाई. दोन्ही त्या पुलाच्या पायथ्याशी उभे आहेत. आता मला नीट सांग. पाणी पाजलं?… पाजलं. नाल निघाला?… नाही. मोर्च्याला बुजला का?… मोर्चा कधीच पुढे गेला. आणि गिरणीवाल्यांनी जाताजाता त्याला चणे चारले? बघ. म्हणजे रागावलेला नाही.

मग आमच्या गाडीवानाने, भिवाने हाक मारली का?… अगं, नुसता लगाम धरून बसला तर कसा चालेल! चाबूक गेल्यापासून मुकादम हाकेवर चालतो. मानेवर थाप आणि प्रेमाचे दोन शब्द. तेही भिवाचे, नाहीतर माझे. दे त्याला फोन.

हॅलो, भिवा?… अरे, बोल ना!… कोण फुसफुसतंय?… बकुळा, याला काय झालं?… घसा बसला? कशाने?… काल शिवाजी पार्कावर… सभेत… ‘झालाच पाहिजे’… अरे देवा! भिवा, संयुक्त महाराष्ट्र मलाही हवाय. मुंबईसकट हवाय! पण सगळा आवाज तिथेच खर्चून आलास? थोडा घोड्यासाठी नको ठेवायला?

हां, बकुळा, बोल… तू मारलीस हाक? तुला कशाला ओळखील तो… अप्पांनी पण मारली? कोण अप्पा, तुझ्या श्यामकांतचा मामा?… छत्री? बकुळा, त्यांना सांग, त्या छत्रीचा एक फटका माझ्या घोड्याला लागला ना, तर नवरदेवासकट गाडी परत बोलावीन!… नुसती उगारली? उगारलेलीसुद्धा मिटायला सांग!

थांब. छत्री उगारली ती कुठून? गाडीतून?… अप्पा गाडीत काय करतायत? नवरा, करवली आणि दोन म्हातारी माणसं, असं बोलणं झालं होतं आपलं… बकुळा. गाडीत कोण कोण आहे? मला खरं सांग… श्यामकांत. करवली. दोन आज्या. बरं, चार झाले. आणखी?… अप्पा. नलूवन्सं. नलूवन्संचे दोघे… लहान आहेत म्हणजे काय, हवेने भरलेत का?… आणि मागे? मागे काय बांधलंय?… ट्रंक. आहेराची. पितळी भांड्यांची!

बाई गं, मुकादम अडलेला नाही. तो आमची पाटी वाचून उभा आहे.

ते चौघे सोडून बाकी सगळ्यांना उतरव… नाही, नाही, काही सांगू नकोस. अप्पा रुसतील? रुसू देत, चालता चालता रुसू देत. पुलापलीकडे तर कार्यालय. ट्रंक हमालाला दे… उशीर तुला होतोय, मला नाही. आधी अप्पा… उतरले?… ओझं उतरल्यावर गाडी वर आली ना? अगं, दिसणारच!

तरी उभाच?… राहणारच. त्याला कोणी निघायला सांगितलं नाही अजून. आता असं कर, फोन त्याला दे… फोन. त्याला. मुकादमाला… वेडी नाही झाले! फोन इराण्याच्या गल्ल्यावर, गल्ला दारात, घोडा दारात. भिवाला सांग, त्याचं तोंड आत वळव… काय म्हणतो शेट?… अगं, त्याच्या भिंतीवर एवढ्या पाट्या आहेत, घोड्याने फोनवर बोलू नये अशी आहे का एखादी?… नाही ना? मग!… वायर पुरतेय? पुरेल, ओढ जरा. ऐकायची बाजू कानाला लाव. त्याच्या कानाला, तुझ्या नव्हे…

भाऊजी, तुम्ही तिकडे तोंड करा. करा म्हणते ना.

हॅलो?… मुकादम?… मी रे. ओळखलंस?… दमलास का रे बाळा? एवढी माणसं चढली तुझ्यावर आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही. उतरली हं जास्तीची सगळी. आता एवढा चढ, सोन्या, पलीकडे सगळा उतारच आहे. घरी आलास की गूळ देईन, माझ्या हातचा. कोणी मारणार नाही. कोण्णी नाही. चल माझ्या राजा… चल…

हॅलो?… बकुळा? काय वाजतंय?… टापा! अगं, टापा ऐकू येतायत मला! निघाला ना?… कसली ओरड?… कुठे अडकलाय? लगामात? अगं, फोन सोडवा त्याच्या लगामातून!… वायर! शेटला म्हणावं, वायर सोड, वायर… हॅलो? हॅलो?

गेला.

दात काढू नका, भाऊजी. इराण्याला नवीन वायर मी घालून देईन. आणि तो चाबूक द्या इकडे. द्या! बंबात घालते. मुकादम आला की त्याचे पाय शेकायला गरम पाणी लागेल.