फैजपूरचा कॅच

प्रेमराज : मी तर म्हणतो, शिकागोवाल्यांनी बेसबॉलचा तो नियम आपल्या फैजपूरहून उचलला. त्यांच्या मैदानाच्या भिंतीवर वेल चढलेली. बॉल वेलीत अडकला की फिल्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. आपल्याकडे बॉल केळीच्या बागेत शिरला की दोन्ही हात वर, दोन बेस. सांग, फरक काय?

कौतिक : त्यांचं मैदान शंभर वर्षांपूर्वीचं आहे, एवढाच.

प्रेमराज : मग फैजपूरला केळी काय काल लागल्या?

कौतिक : चहा घे, निवला तो. धुळ्याहून एवढ्या सकाळी निघालास, पोटात काही आहे का?

प्रेमराज : पोटाचं सोड. भडगावचं मैदान आठवतं? गिरणेवरून वारा सुटला की पिचरच्या डोळ्यांत रेती. चौऱ्याण्णवला आमच्या धुळ्यानं तुमच्या जळगावला तिथं धुतलं. आपण दोघं शाळकरी पोरं, ओळख नाही पाळख नाही, एकाच कडुनिंबावर बसून एकमेकांना शिव्या देत होतो.

कौतिक : तो संघ खानदेशातला सगळ्यात चांगला. तसा पुन्हा झाला नाही.

प्रेमराज : हे बघ. न्यूयॉर्कचा माणूस बॉस्टनच्या संघाला कधी चांगलं म्हणेल का? जीव गेला तरी नाही. आणि तू जळगावचा. अठ्ठ्याण्णवला आम्हाला हरवून कप नेलास. पण वादाला बसलं की चौऱ्याण्णवच्या धुळ्याची आरती ओवाळतोस. स्वतःच्या संघाचं नाव न काढणारा एवढा एकच जळगावकर मी पाहिला.

कौतिक : चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं?

प्रेमराज : भांडणाची मजा जाते ना, भो. बरं, मी आलो कशाला ते ऐक. पुढच्या रविवारी आमच्या मंडळाच्या पोरापोरींची स्पर्धा सुरू होतेय. बारा संघ. उद्घाटनाला पुढारी नको म्हटलं मी सगळ्यांना, माझ्याकडे पाहुणा आहे. पत्रिकेत तुझं नाव टाकून मोकळा झालो. तू यायचंस आणि फैजपूरचा कॅच सांगायचास.

कौतिक : मला नाही जमणार रविवारी.

प्रेमराज : रविवारी तुझं ऑफिस नसतं.

कौतिक : माईक समोर आला की मला बोलता येत नाही, माहीत आहे तुला.

प्रेमराज : मग तू नुसता उभा राहा, मी सांगतो. पाठ आहे मला. ऐक. पोरांनो, अठ्ठ्याण्णव सालची फायनल. शेवटची इनिंग. जळगाव एका रननं पुढे, आमचा एक बाद. तिसऱ्या बेसवर आमचा सुकलाल. बॅट माझ्या हातात. मी असा हाणला की बॉल थेट लेफ्ट फील्डला, केळीच्या बागेकडे. हे कौतिकभाऊ पाठमोरे पळाले, झेपावले आणि बागेच्या कडेच्या वीतभर अलीकडे कॅच. तिथं जमीन उतरती, अंपायरला काही दिसायचं नाही. म्हणून फैजपूरची रीत होती. अंपायर फिल्डरला विचारणार, आणि फिल्डर गळ्याला हात लावून सांगेल ते खरं. त्या रीतीला कुणी कधी बट्टा लावला नाही. अशी इमानदारी होती आमच्या वेळी. का रे, असा का बघतोस?

कौतिक : काही नाही.

प्रेमराज : पुढं ऐक, आता शिकवण येते. कॅच होणार असेल तर रनरनं काय करायचं? बेसला पाय लावून थांबायचं. कॅच झाला की मग पळायचं. तसं केलं असतं तरी सुकलाल आरामात होमला पोचला असता आणि एक रन मिळून बरोबरी झाली असती. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तो आधीच सुटला. कौतिकभाऊंनी बॉल तिसऱ्या बेसवर फेकला, सुकलालही बाद, झाले तीन, मॅच खलास.

कौतिक : त्याला कशाला आणतोस मध्ये?

प्रेमराज : त्याच्याशिवाय गोष्टच नाही. तिकडं बॉस्टनच्या एकाच्या पायांमधून बॉल गेला, तर लोकांनी त्याला अठरा वर्षं बोल लावले. आपल्याकडचा तो हा. आमच्या मैदानावर तर आता शब्दच झालाय. कुणी बेस लवकर सोडला की बठ्ठी पोरं ओरडतात, सुकलाल नको करू. निम्म्यांना माहीतही नाही की सुकलाल नावाचा माणूस आहे.

कौतिक : असं ओरडतात?

प्रेमराज : मीच शिकवलंय.

कौतिक : प्रेमराज, टप्पा पडला होता.

प्रेमराज : कशाचा टप्पा?

कौतिक : तो कॅच नव्हता. बॉल गवतात पडला, एक टप्पा, आणि मग माझ्या ग्लोव्हमध्ये आला.

प्रेमराज : सकाळी सकाळी थट्टा नको.

कौतिक : मी थट्टा करत नाही.

प्रेमराज : तू गळ्याला हात लावला होतास. मी पाहिलं. अंपायरनं विचारलं आणि तू हात लावलास.

कौतिक : लावला. तो विचारत होता तेव्हा मला आमचे सगळे दिसत होते. उड्या मारत होते, मी अजून काही बोललोही नव्हतो. वाटलं, एका हातानं काय होतंय. एका मॅचचा प्रश्न आहे.

प्रेमराज : आणि मग?

कौतिक : मग त्या कपावर राज्याच्या संघात निवड झाली. त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. हे पिंप्राळ्याचं घर, ज्यात तू बसलायस, ते त्या टप्प्यावर उभं आहे. बायको असून रत्नालासुद्धा माहीत नाही. आमच्या लग्नात कुणीतरी त्या कॅचचं कौतुक केलं होतं, मी मान खाली घातली, तर लोक म्हणाले, किती नम्र मुलगा.

प्रेमराज : थांब. जरा थांब. कॅच झाला नव्हता, तर सुकलाल बरोबर सुटला होता.

कौतिक : हो.

प्रेमराज : तिसऱ्या बेसवरून लेफ्ट फील्ड सगळ्यात जवळ. त्याला टप्पा दिसला.

कौतिक : त्याला एकट्यालाच दिसला.

प्रेमराज : तो सांगत होता रे. टेम्पोत बसल्यापासून सांगत होता, भाऊ, टप्पा पडला, मी पाहिला. यावलपर्यंत तेच. मी त्याच्या कानाखाली मारली.

कौतिक : हे मला माहीत नव्हतं.

प्रेमराज : तुला कसं माहीत असणार? तू कप घेऊन नाचत होतास. मी बाद झालो म्हणून मलाच कुणावर तरी खापर फोडायचं होतं. सगळे म्हणाले, आश्रमशाळेतून आणलेलं पोर, डोंगरातलं, पळायला येतं पण नियम कुठून कळणार. सगळे काय, पहिला मीच म्हणालो. अमळनेरला टेम्पो चहासाठी थांबला, तो उतरला, पुन्हा चढलाच नाही. तिथून शिरपूरच्या वरचं त्याचं गाव केवढं लांब. कसा गेला, कुणी विचारलं नाही.

कौतिक : मी तुला सांगायला हवं होतं. दरवेळी ठरवायचो. तुझ्या पोराच्या बारशाला आलो तेव्हाही ठरवून आलो होतो. पण तू तो कॅच इतक्या आनंदानं सांगायचास, जणू तुझाच होता.

प्रेमराज : माझाच होता. हरलो तर अशा कॅचनं हरलो, हीच माझी फुशारकी. दुसरं काय होतं माझ्याकडे? आणि आता माझ्यावर नको टाकू. मी आनंदानं सांगत होतो म्हणून तू गप्प बसलास, असं नको.

कौतिक : नाही. मी भित्रा म्हणून गप्प बसलो. मला लाज वाटते प्रेमराज. तुझ्याशी वाद घालताना वाटते, टीव्हीवर कुणी झेप घेतली तरी वाटते.

प्रेमराज : वाटायलाच हवी. मलाही वाटू दे जरा. तुला एक सांगतो, सांगणार नव्हतो. जूनमध्ये एक पोरगी आली होती आमच्याकडे, रोशनी. शिरपूरच्या बसनं. काय हात तिचा, काय पळणं. पायात चपला, म्हणून मी मंडळाचे बूट दिले. फॉर्मवर बापाचं नाव सुकलाल. मी ओळखलं, पण काही बोललो नाही.

कौतिक : मग?

प्रेमराज : तिसऱ्या दिवशी दुसरंच एक पोर बेस सोडून पळालं आणि सगळे ओरडले. मीही ओरडलो, सवयीनं. ती तिथंच उभी होती, पाय बेसला लावून. चौथ्या दिवशी आली नाही. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, बापावर गेली, धीर नाही.

कौतिक : तिचा फॉर्म आहे तुझ्याकडे?

प्रेमराज : फोटो आहे मोबाईलमध्ये. नंबर आहे बापाचा. काय करतोस?

कौतिक : लाव.

प्रेमराज : आत्ता?

कौतिक : आत्ता नाही लावला तर मी पुन्हा ठरवत बसेन. मला माझी सवय माहीत आहे. आणि फोन तुलाही ऐकू येईल असा ठेव.

(प्रेमराज फोन लावतो आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवतो.)

सुकलाल : हॅलो. कोन बोली ऱ्हायनं?

प्रेमराज : सुकलाल, मी प्रेमराज. धुळ्याचा.

सुकलाल : बोला भाऊ. बूट मिळाले ना तुमचे? रोशनीनं धुऊन पाठवले व्हते.

प्रेमराज : मिळाले. बुटांचं काही नाही. इथं कौतिक आहे माझ्याजवळ, जळगावचा. त्याला बोलायचंय.

सुकलाल : कौतिक म्हणजे, फैजपूरचा?

कौतिक : हो. सुकलालभाऊ, तुम्ही मला शिव्या दिल्या तरी चालेल, पण आधी ऐकून घ्या. त्या दिवशी टप्पा पडला होता. मी अंपायरला खोटं सांगितलं. गळ्याला हात लावून खोटं सांगितलं.

प्रेमराज : सुकलाल? ऐकू येतंय ना?

सुकलाल : येतंय.

कौतिक : तुमचं काही चुकलं नव्हतं.

सुकलाल : टप्पा पडला व्हता?

कौतिक : पडला होता.

सुकलाल : कुठं पडला?

कौतिक : माझ्या उजव्या हाताला. बागेच्या पाटाच्या अलीकडे. गवत होतं तिथं.

सुकलाल : हां. पाटाच्या अलीकडेच. मी तिथंच पाहिला व्हता. पन भाऊ, इतके जन सांगत व्हते ना. बठ्ठे सांगत व्हते. मग मलाच वाटायला लागलं, नसंल पडला. आपल्याला पळायची घाई झाली असंल म्हनून तसं दिसलं. बायकोला सांगायचो आधी, मग तेही सोडलं. आपल्याच डोळ्याचा भरवसा नाही, तर कुनाला काय सांगनार.

कौतिक : माफी मागायचं तोंड नाही मला.

सुकलाल : म्हणजे मी बरोबर पळालो.

कौतिक : बरोबर पळालात.

प्रेमराज : सुकलाल, त्या टेम्पोत मी तुला...

सुकलाल : ते राहू द्या भाऊ, तुमचं नंतर. पुढच्या रविवारी काय शे तुमच्याकडे? रोशनीच्या मोबाईलवर पत्रिका आली व्हती कुनाची तरी. फैजपूरचा कॅच सांगनार म्हनून लिहिलं व्हतं. तिनं वाचली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

प्रेमराज : ते आता होणार नाही. मी रद्द करतो.

कौतिक : रद्द नको करू. मी येतो. हेच सांगतो सगळ्यांसमोर.

सुकलाल : सगळ्यांचं नंतर बघा. ती इथं अंगनात शे. तिनं धुळ्याहून येऊन मला विचारलं नाही कधी, पन तिला वाटतं तर असंलच, की बाप खोटं बोलतो. फोन तिच्याकडे देतो. तिला सांगा.

प्रेमराज : काय सांगशील रे तिला?

कौतिक : फोन इकडं सरकव.

सुकलाल : घे ग, बोल. फोनवर जळगावचे काका शेतस.

कौतिक : रोशनी, बेटा, मी कौतिककाका बोलतोय. तुझे बाबा बाद नव्हते.