बुधवारची साक्ष

पाळकसाहेब, रूथवहिनी, कंपनीतले जुने सोबती आणि बुवापाड्यातली सगळी मंडळी, सलाम. आणि जयभीम.

शांतवनच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. माझ्याआधी चौघं बोलले. चौघंही म्हणाले, शांतवन हसतमुख होता. होताच. पण मंडळी, तो हसायचा तेव्हा आपण काय करत होतो, ते कोणी बोललं नाही. मी बोलणार आहे. वहिनी, तुम्हाला त्रास होईल. तरी बोलणार.

आम्ही दोघं इथल्याच रंगाच्या कंपनीत, एकाच प्लांटवर. गेटमधून आत येताना तो म्हणायचा, "सलाम, सलाम!" आणि आपण म्हणायचो, "आला रे हॅपी क्रिसमस." मे महिन्यातसुद्धा हॅपी क्रिसमस. आठवतंय ना? माना खाली घालू नका, मी पण म्हणायचो. कोणाचा बाप वारला, कोणाची पोरगी नापास झाली, की हा आपला डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसायचा. उपदेश नाही, काही नाही. माणसाला हसवूनच उठायचा. एकदा मी विचारलं, "शांतवन, तुला कधी वाईट वाटत नाही काय रे?" म्हणाला, "वाटतं ना बाबुराव. पण ते मी वर सांगतो. खाली तुम्हाला कशाला ताप?" आपल्याला ते फार सोयीचं पडलं.

त्यांच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. आठवड्यात देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. त्याला ते साक्ष म्हणतात. शांतवन आपल्याला बोलवायचा, "रविवारी माझी साक्ष आहे, या की." आपण म्हणायचो, "कसली साक्ष? खून केलास की चोरी?" रविवारी सकाळी अख्खा बुवापाडा टीव्हीसमोर, कोण जातंय? मी एकदाच गेलो, नाताळच्या आसपास, केकसाठी. तर हा उभा राहून म्हणतो, बाबुरावांनी मला त्यांच्या डब्यातले बोंबील दिले, त्याबद्दल देवाची स्तुती असो. मी लाजून मेलो. बोंबील आदल्या दिवशीचे होते.

मग तो टाकीचा प्रकार झाला. ॲसिडची टाकी भरून वाहिली, खालची मोटार गेली, प्लांट बंद पडला. प्लांटच्या साहेबानं रिपोर्ट दिला की शांतवननं व्हॉल्व्ह उघडा ठेवला. पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत शांतवन आपल्याजवळ आला. तोंडावर तेच हसू. म्हणाला, "बुधवारी माझी साक्ष आहे. चार वाजता. कोणीतरी या हो माझ्यासाठी."

"आता बुधवारी पण चर्च?" कोणीतरी ओरडलं. आणि मी म्हणालो, "तुझ्या देवापुढं तूच दे साक्ष. आम्ही जयभीमवाले, आमचं काय काम तिथं?" सगळे खो खो हसले. तोही हसला. डबा उचलून गेला.

बुधवारी त्याची इन्क्वायरी होती. ऑफिसात. तो साक्षीदार मागत होता. एकही माणूस गेला नाही. शुक्रवारी त्याला काढलं.

तुम्हाला कळलं नाही, मान्य. पण शुक्रवारी तर कळलं ना? शनिवारी कोण गेलं साहेबाकडे? कोणी नाही. आपण त्याचा किस्सा केला. "बिचारा, इन्क्वायरी म्हणायचं सोडून साक्ष म्हणाला!" तो तिकडे उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापत बसायचा, डोळे घालवत. आणि आपण कँटीनमध्ये किस्सा सांगायचो. दहा वर्षं सांगितला.

मला कावीळ झाली तेव्हा तुमच्यापैकी किती जण आले, जाऊ दे. तो रोज आला. काम सुटलं की उसाचा रस घेऊन सरकारी दवाखान्यात. वॉर्डातल्या आयाबायासुद्धा त्याची वाट बघायच्या. एका संध्याकाळी माझ्या उशाशी बसून म्हणाला, "बाबुराव, त्या वेळेला चूक माझीच झाली. मी नीट सांगायला पाहिजे होतं. तोंडात सवयीनं साक्षच आलं. तुम्हाला काय माहीत? मनाला लावून घेऊ नका."

मला धीर देत होता तो. मला. मी म्हणालो, "असू दे." एवढंच म्हणालो.

वहिनी, आता ऐका. कँटीनबाहेर इंग्रजी नोटीस लागली की ती वाचून दाखवायचं काम माझं होतं. मी मॅट्रिक ना. त्या इन्क्वायरीची नोटीस सोमवारी लागली होती. शांतवनचं नाव, बुधवार, चार वाजता. मी वाचली. कोणाला वाचून दाखवली नाही. तो साक्ष म्हणाला तेव्हा मला पहिल्या शब्दाला कळलं होतं. विनोद मी मुद्दाम केला. माझी परमनंटची ऑर्डर त्याच साहेबाच्या टेबलावर पडली होती. ती मला पुढच्या महिन्यात मिळाली.

तेव्हा आज देतो साक्ष. दुपारची पाळी सुटताना शांतवननं तो व्हॉल्व्ह बंद केला. दोन्ही हातांनी आवळून बंद केला, मी बाजूला उभा होतो. तो गेल्यावर टाकी लवकर भरावी म्हणून साहेबानं घाईघाईनं परत उघडला आणि तसाच ठेवून चहाला गेला. तेही मी पाहिलं. हे सांगायला चार मिनिटं लागली असती. ऑफिस प्लांटपासून शंभर पावलांवर होतं.

वहिनी, माफी मागत नाही. तुम्ही त्याच्याच बायको, द्याल पटकन, आणि मी परत सुटेन.

शांतवन, सलाम.

चला, सगळे उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहायचंय. मला ते चांगलं जमतं.