रिकाम्या पोत्यांपायी

मी तांड्यातली, भाऊ. नाव शेवंता. महागावच्या पलीकडे आमचा तांडा हाये. आमचे जुने लोक बैलाच्या पाठीवर मीठ अन् दाणे लादून मुलूखभर फिरे, त्याले लदेणी म्हणतो आमी. माही याडी, म्हंजे माय, सांगे का पहिले गोणी शिवून तयार पाहिजे, गोणी नाई तर बैल सोडाचाच नाई. ते शाळेत गेली नाई पण तिले एवढं समजे, अन् इथं साहेब लोकाईले खुर्चीवर बसून समजत नाई, काय सांगू तुम्हाले.

मी तुरीच्या सरकारी खरेदी केंद्रावर पोते शिवतो. कोणतं केंद्र ते नका विचारू. काटा झाला, पोतं भरलं, का दाभणानं त्याचं तोंड शिवाचं, दिवसभर तेच, हे पाहा बोटं. तर मांगच्या साली बारदानाच सरला, रिकामं पोतं एक नाई. शेतकऱ्याईले तारखा देऊन बोलावलं, तूर येऊन पडली उघड्यावर, अन् भराले पोतं नाई. शेडमंदी न्याव तर तथी जागा नाई, भरलेली थप्पी उचलाले गाडीच आली नाई. दोन्हीकडून अडलं अन् मधात माणूस बसला.

तो माणूस म्हंजे रामराव काका, आमच्या बाजूच्या गावचे, म्हातारे. आठ दिवस आपल्या ढिगापाशी बसून. रोज केंद्राच्या साहेबाले विचारे, साहेब म्हणे पोत्याची गाडी निघाली. मी म्हटलं, आठ दिवस निघूनच राह्यली, पोहोचत काहून नाई.

माही बहीण दुसऱ्या केंद्रावर शिवते. तिले फोन केला तर ते म्हणे, अवं इथं तर पोत्याच्या गठाणी छतापर्यंत हाये, आमची खरेदी सुरूच नाई झाली. माह्या डोक्यात आगच गेली. साहेबापाशी गेली. साहेब म्हणे, ते त्याईच्या नावावर आले, वरून आदेश लागते, पत्र लिहिलं हाये. एका तासाचा रस्ता, भाऊ, अन् पत्र.

त्याच दुपारी आभाय भरून आलं. आमी शिवणाऱ्या चौघी बाया धावलो, ताडपत्री एकच, तेही फाटकी, पाणी खालून शिरलं. काका भिजली तूर मुठीत घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी पोते आले. कोठून? त्याच बहिणीच्या केंद्रावरून. अन् साहेबानं काकाच्या तुरीत मशीन लावली अन् म्हणे वलावा जास्त हाये, घरी नेऊन सुकवा, मंग नंबर लावा. मी दाभण त्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, साहेब, हे वल तुमची हाये, काकाची नाई, आज मी शिवत नाई. बाकी तिघीईनंही ठेवले. अर्धा दिवस काटा बंद. मंग म्हणे, सुकवा इथंच, नंबर जात नाई त्याईचा. तीन दिवस आमी सडकेवर तूर पसरली, पायानं परतली. निम्मी केंद्रानं घेतली. निम्मी फुगली होती, ते काकानं परत नेली.

औंदा खरेदीच्या आधीच मी विचारलं, पोते किती आले, गाडी ठरली का. नवीन साहेब म्हणे, बाई, तुमचं काम शिवाचं. शिवतो बुवा, पोट हाये. काका औंदा आलेच नाई, घरूनच व्यापाऱ्याले देली म्हणे. बरं केलं. राग काई गेला नाई माहा, पण काकाचं घर सुखी राहो, माल कोरडा राहो, दुसरं काय मांगू.